दुर्बलता म्हणजे केवळ वय नव्हे

वय झाले की माणूस खंगणारच, असा समज सर्रास आढळतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र फ्रेल्टी (शरीराची राखीव ताकद घटल्याने येणारी दुर्बलता) ही वयाहून वेगळी आणि मोजता येणारी अवस्था आहे. गाठीला शिल्लक नसलेले घर किरकोळ जादा खर्चानेही कोलमडते. तसे दुर्बल शरीर साध्या तापानेही खचते. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये फ्रेल्टीचे पाच निकष मांडले: विनाकारण घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची कमकुवत पकड, मंदावलेली चाल आणि कमी हालचाल. यांपैकी किमान तीन आढळले तर फ्रेल्टी, एक-दोन असतील तर पूर्वावस्था. म्हणूनच ऐंशीचा माणूस खणखणीत आणि पासष्टीचा दुर्बल असू शकतो.

‘या वयात व्यायाम कसला, विश्रांतीच बरी,’ हा आक्षेप काळजीपोटी येतो. पण बोस्टनमधील एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रातल्या, सरासरी 87 वर्षे वयाच्या 100 जणांवरील अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा आठवड्यांच्या भारव्यायामाने (वजनाविरुद्ध स्नायूंना दिलेला ताण) ताकद दुपटीहून अधिक वाढली. नुसत्या पूरक आहाराने ती वाढली नाही. प्रत्येकाची दुर्बलता पूर्ण हटेल असे नाही, व्यायामही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हवा. तरी अतिविश्रांतीने स्नायू आणखी झिजतात, हे विसरून चालणार नाही.