दवाखान्यात काय सांगावे?

१९९२ सालची गोष्ट. माझ्या वर्गातला एक मुलगा सोमवारी आला नाही. त्याची आई वारली होती. तिला पाचव्यांदा दिवस गेले होते. मूल नको होते. घरी सांगायची भीती, दवाखान्याची लाज. गावातल्या एकीने मुळी घातली. ताप चढला, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. सरकारी रुग्णालय अकरा किलोमीटरवर होतं!

पोट पाडणे हा गुन्हाच, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. १९७१ साली कायदा झाला, २०२१ साली तो सुधारला. साधन वापरूनही दिवस गेले, बाईच्या जिवाला किंवा मनाला धोका असला, बळजबरी झाली असली, तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. त्यापुढे २४ पर्यंत दोन डॉक्टर लागतात, आणि तेही ठराविक बायांसाठीच. मुलगी आहे म्हणून पाडणे मात्र गुन्हाच. गर्भाचे लिंग विचारणेही गुन्हा.

आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणून ती तारीख सांगा. आठवत नसेल तर सण सांगा, बाजारचा वार सांगा. डॉक्टर हिशेब करतात. आधी सिझर झाले का, दमा आहे का, रक्त कमी आहे का, हे सांगा. आधीच काही गोळी, काढा घेतला असेल तर तेही लपवू नका. ते रागावतील, रागावू द्या!

सासूबाई शेजारी बसल्या असतील तर म्हणावे, "डॉक्टर, मला एकटीला बोलायचं आहे." बाई १८ वर्षांची झाली की तिचीच सही पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. कुठे मागितलीच, तर हे सांगावे. १८ च्या आत पालकाची लागते. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होते. पुढे काही आठवडे नळीने गर्भ ओढून काढतात. त्याला काही मिनिटे लागतात. गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. गर्भ पिशवीबाहेर, नळीत राहिला असेल तर गोळीचा उपयोग नाही, आणि जिवावर बेतते.

तासाला दोन पॅड भिजले आणि दोन तास तसेच चालले, ताप आला, घाण वास आला, तर रात्र असली तरी निघा.

एक विसरू नका. पुढची पाळी यायच्या आधीही पुन्हा दिवस जाऊ शकतात. तांबी बसवायची की गोळ्या घ्यायच्या, ते तिथून निघण्यापूर्वीच विचारून घ्या.