बेलबॉटम, ट्रान्झिस्टर आणि आजीचा आवाज

काय तो जमाना होता! पायघोळ बेलबॉटम, कानांवर आलेले केस, काखेत ट्रान्झिस्टर. वडीलधारी मंडळी ‘हिप्पी झालाय नुसता!’ म्हणून नाके मुरडत. त्यात १९७१ साली ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला आणि तरुणाई पुरती वेडावली.

गंमत म्हणजे, आपली पोरे गिटारच्या नादी लागली होती, तेव्हा तिकडची पोरे आपल्या संगीताकडे वळत होती. १९६७ साली अमेरिकेत माँटेरीला पंडित रविशंकरांची सतार गाजली. जॉन हिगिन्स हा अमेरिकन तरुण तर तंजावरजवळ तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेत गायला आणि ‘हिगिन्स भागवतर’ झाला! तंजावरला ही देवाणघेवाण नवी नव्हती. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८-१८३२) दरबारात पाश्चात्त्य वाद्येही वाजत.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. पुढे ती घरोघरी पोचली आणि गाण्यांबरोबर आजीच्या ओव्या, गोष्टीही टेप होऊ लागल्या. तंजावरच्या मराठी कुटुंबांना अशा कॅसेटचे मोल अधिक. सतराव्या शतकात एकोजीराजांच्या काळी तिथे रुजलेली मराठी आज मुख्यत्वे घरच्या बोलण्यातच जगते आहे.

पण कॅसेटची फीत कायमची टिकत नाही. ती सैल पडते, बुरशी धरते. म्हणून कपाट आवरताना जुनी कॅसेट फेकू नका. जाणकाराकडून साफ करून तिची डिजिटल प्रत करून घ्या, बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. बेलबॉटम शिंपी पुन्हा शिवून देईल. आजीचा आवाज कुठून आणणार?