सातबारा, शेजार आणि आडनाव

घर कुठे असावे, हा प्रश्न आपल्या पूर्वजांना कोणी कधी विचारलाच नाही. गावाने जागा नेमून दिली ती गावकुसाबाहेर, वारा गावाकडून वस्तीकडे वाहील आणि वस्तीचा विटाळ गावाला लागणार नाही अशा बेताने. हजारो वर्षे आपण त्या नेमून दिलेल्या जागेत राहिलो. आज आपल्यातला शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस पहिल्यांदाच स्वतःला विचारतो आहे की घर घ्यावे काय, घ्यावे तर कुठे, आणि कोणाच्या शेजारी. हा प्रश्न वरवर पाहता हप्त्यांचा आणि चौरस फुटांचा वाटतो. पण त्याच्या पोटात आपला सगळा इतिहास दडलेला आहे. म्हणून तो स्वतःच्या अनुभवाच्या आधारे थोडा उलगडून सांगावा असे वाटले.

मी तिवसा तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरातला पहिला पदवीधर. वडील शेतमजूर होते. सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकविल्यानंतर महाविद्यालयातली नोकरी पक्की झाली, आणि आता गुरुकुंज मोझरीला दोन खोल्यांत भाड्याने राहतो. मोझरी हे अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचे, पस्तीसेक किलोमीटरवरचे गाव. १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि उघड्या माळावर एक नवी वस्ती उभी राहिली. येथील सामुदायिक प्रार्थनेला सर्व जातिधर्मांची माणसे एका ओळीत बसतात. दरवर्षी महाराजांच्या पुण्यतिथीला लाखो माणसे एका क्षणी मौन धरून उभी राहतात. त्या गर्दीत मीही उभा राहिलो आहे. तेथे कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. ते विचारले जाते प्लॉटच्या सौद्यात.

गेल्या काही वर्षांत या महामार्गाचा नूर पालटला आहे. अमरावतीच्या टोकाला रहाटगाव, पुढे नांदगाव पेठची औद्योगिक वसाहत आणि मग मोझरी. वस्त्रोद्योगाच्या पीएम मित्र पार्कचे भूमिपूजन २० सप्टेंबर २०२४ रोजी झाले. एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याच्या विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली. विमानतळ शहराच्या दुसऱ्या बाजूला असला तरी इकडच्या प्रत्येक ले-आऊटच्या जाहिरातीत त्याचे चित्र असतेच. काल जेथे तूर उभी होती तेथे आज चुन्याच्या रेघा आणि कमान दिसते. 'आता घ्या, पाच वर्षांत दुप्पट' हा मंत्र चहाच्या टपरीपासून महाविद्यालयाच्या शिक्षक-खोलीपर्यंत जपला जातो.

माझ्यापुढे दोन जागा आल्या. पहिली मोझरीजवळच, रस्त्यापासून थोडी आत. एक गुंठा, तीन लाख रुपये. मध्यस्थ आपल्याच समाजातला. 'सर, आपलाच माणूस आहे, आपल्याच वस्तीजवळ राहाल, लिखापढी पाचशेच्या मुद्रांकावर करून टाकू,' असे तो म्हणाला. दुसरी जागा रहाटगावच्या बाजूला. मंजूर ले-आऊट, हजार फुटांच्या प्लॉटवर दोन खोल्यांचे बांधलेले घर, तीस लाख. पहिल्या जागेने मला मोह घातला. कर्ज नको, बँक नको, शेजारी सगळे जयभीमवाले. पण शिकल्याचा काही उपयोग व्हावा म्हणून तलाठ्याकडून सातबारा काढला आणि वाचला.

त्यावर लिहिले होते : भोगवटादार वर्ग २.

हे दोन शब्द आपल्यातल्या प्रत्येकाने ओळखायला शिकले पाहिजेत. वर्ग १ ची जमीन मालकाला सहसा विकता येते. वर्ग २ ची जमीन सरकारने अटी घालून दिलेली असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. तसा व्यवहार केला तर तो शर्तभंग ठरतो आणि सरकार जमीन काढून घेऊ शकते. म्हणजे विकणाऱ्याची जमीन जाते आणि घेणाऱ्याचे पैसे जातात. मधल्या माणसाची दलाली मात्र सुखरूप राहते.

आणि ही वर्ग २ ची जमीन आपल्या माणसाकडे आली कशी? वऱ्हाडात गावाच्या सरकारी पडीक आणि चराईच्या जमिनीला ई-क्लास म्हणतात. भूमिहीन बौद्ध, मातंग, आदिवासी माणसांनी ही पडीत दगड वेचून वाहितीत आणली. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, बायामाणसे तान्ही पोरे घेऊन तुरुंगात गेली. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे ठरले. एवढ्या झगड्यातून हाती आलेला हा तुकडा. मला जी जमीन गुंठ्याने विकली जात होती ती अशाच एका म्हाताऱ्याची होती. त्याच्या नातवाच्या दवाखान्यासाठी त्याला पैसा हवा होता. मी ती घेतली असती तर स्वस्त घराचा मालक झालो असतो काय? कायद्याने तर नाहीच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्याच माणसाच्या हातून त्याच्या लढ्याची कमाई उतरत्या भावात काढून घेणारा शिकलेला माणूस, एवढीच माझी ओळख उरली असती.

येथे जमिनीच्या कागदांविषयी आणखी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण पहिल्या पिढीच्या खरेदीदाराच्या घरात हे सांगणारे कोणी नसते. ज्यांच्या आजोबांनी वाडे विकत घेतले त्यांना हे जेवताना कानांवर पडत असते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठराविक क्षेत्राहून लहान तुकड्यांत शेतजमीन विकण्यास मनाई केली. शेतातले एकेक गुंठे विकण्याचा सगळा धंदा या कायद्याला वळसा घालून चालत आला आहे. सरकार वेळोवेळी असे जुने व्यवहार नियमित करण्याच्या सवलती देते, हे खरे. पण उद्याच्या सवलतीच्या भरवशावर आज पैसे मोजणे हा जुगार आहे. म्हणून सातबारावर वर्ग आणि 'इतर हक्क' हा रकाना पाहावा. बोजा, कुळ, वारसांचा वाद तेथेच दिसतो. मागचे फेरफार काढून जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली ते पाहावे. अकृषक परवानगीचा आदेश आणि नगररचना खात्याने मंजूर केलेला नकाशा मागावा, आणि नकाशातले रस्ते व मोकळी जागा प्रत्यक्ष जमिनीवर आहेत काय ते पायाने चालून पाहावे. ले-आऊट पाचशे चौरस मीटरहून मोठा आणि नव्याने विकला जात असेल तर त्याची महारेराकडे नोंदणी लागते. हे प्राधिकरण २०१७ पासून आपल्या राज्यात काम करते आणि तेथील नोंद कोणालाही पाहता येते. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा. आणि नोटरीचा कागद म्हणजे मालकी नव्हे, मालकी नोंदणी झालेल्या खरेदीखतानेच येते, हे मनावर कोरून ठेवावे. 'आपलाच माणूस आहे' हे वाक्य कागदाच्या जागी चालत नाही. आपल्या माणसाचा मान राखायचा तर त्याच्याशी व्यवहारही पक्क्या कागदावर करावा.

आता दुसरी जागा. तेथे कागद चोख होते. पण तेथला विक्रेत्याचा माणूस पहिल्या भेटीत म्हणाला, 'सर, इथं वातावरण फार चांगलं आहे. सगळी फॅमिलीवाली, कल्चर्ड लोकं.' मग हळूच, 'आडनाव काय म्हणालात?' मी सांगितले. 'मूळ गाव?' तेही सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'कोपऱ्यावरचा एक आहे, तो दाखवतो. बाकीचे जवळजवळ बुक झालेत.' पुढच्या आठवड्यात माझ्या एका सहकाऱ्याने, ज्याचे आडनाव त्यांच्या पसंतीचे आहे, सहज चौकशी केली तेव्हा मधले चार प्लॉट मोकळे होते.

'चांगले वातावरण' या शब्दाचा अर्थ तेव्हा उलगडला. ज्या जागेपासून बौद्धवाडा दूर ती जागा चांगली, आणि जितका दूर तितका भाव जास्त. वस्ती वाढते आहे असे जेव्हा म्हणतात तेव्हा रस्ता, पाणी, शाळा यांच्या जोडीला या अंतराचीही किंमत भावात मिळवलेली असते. हा केवळ माझा ग्रह नव्हे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घर शोधणारा दलित किंवा मुसलमान आहे हे कळताच नकार येतो, किंवा अटी आणि भाडे वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. कायदा येथे तोकडा पडतो. एखाद्याला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे, त्याच्यावर बहिष्कार टाकणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण 'तो प्लॉट विकला गेला' या गोड खोट्यावर बोट ठेवता येत नाही. २००५ मध्ये तर अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा सहकारी संस्थेचा नियम ग्राह्य धरला. खाजगी माणसांच्या करारात समतेचे कलम थेट शिरत नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. पण पाटी बदलली तरी वस्ती गावाच्या त्याच टोकाला राहते, आणि प्लॉटवाल्याला ते टोक पाठ असते.

मग अशा ठिकाणी जावे काय? बाबासाहेबांच्या आयुष्यात या प्रश्नाच्या तीन बाजू दिसतात. १९१७ मध्ये बडोद्याला, परदेशी पदव्या घेऊन आलेल्या या माणसाला जात कळताच पारशी धर्मशाळेतून काठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले. म्हणजे विद्या मिळाली तरी छप्पर मिळत नाही. परळच्या चाळीत त्यांनी अनेक वर्षे काढली आणि तेथूनच चळवळ उभी केली. म्हणजे आपल्या माणसांत राहणे ही ताकद आहे. आणि नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. म्हणजे ज्या मोहल्ल्यात आपली वाट कोणी पाहत नव्हते तेथे स्वतःच्या नावाने उभे राहणे हाही हक्कच आहे. १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी झाली आणि १९४७ च्या संविधानविषयक निवेदनातही बाबासाहेबांनी ती मांडली. घराची जागा हा त्यांच्या दृष्टीने राज्यघटनेचा विषय होता. आपणच तो केवळ हप्त्यांचा विषय करून टाकला आहे.

हप्ते टळत नाहीत हेही खरे. वीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत, यांचा महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५० रुपये होतो. वीस वर्षांत एकूण फेड होते सुमारे ४१ लाख ६५ हजार. म्हणजे कर्जाइतकेच पैसे पुन्हा व्याजात जातात. आज मी भाडे देतो साडेचार हजार. निव्वळ हिशेबाने पाहिले तर भाड्याने राहणे शहाणपणाचे. त्यातच १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आमच्यासारख्यांना जुनी पेन्शन नाही. शिवाय आपल्या पगाराला वाटेकरी पुष्कळ असतात. धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे बाळंतपण, वस्तीतल्या कोणाचा तरी दवाखाना. प्रस्थापितांच्या घरात पगार खालच्या पिढीकडे वाहतो, आपल्या घरात तो वर, खाली आणि आडवाही वाहतो. म्हणून हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असावा, असा नियम मी स्वतःपुरता केला. पाच वर्षांत भाव दुप्पट होईल हे गृहीत मी हिशेबातून पुसून टाकले. राहायचे घर विकायचे नसते, तेव्हा त्याचा वाढलेला भाव चुलीला उपयोगी पडत नाही.

तरीही मी घर घ्यायचे ठरविले, कारण भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी आडनावाची परीक्षा द्यावी लागते. आईला विचारले. ती म्हणाली, 'घे बावा, पण असं घे का मले तुह्या दारी याले कोनाले इचारा लागू नये.' घराची याहून नेमकी कसोटी मला कोणत्या सल्लागाराने सांगितली नाही. वस्तीतली बाई लुगड्यात, हातात पिशवी घेऊन आली तर कमानीवर तिला कोणी अडवणार नाही ना? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो रस्त्यावरून दिसेल असा लावता येईल ना? की घर टिकवायला आपणच आडनाव आखूड करू, चौदा एप्रिलला दारे लावून बसू? तसे करावे लागत असेल तर ते घर विकत घेऊनही आपण तेथे भाडेकरूच.

मी परत गेलो आणि त्या माणसाला सरळ सांगितले की कोपरा नको, मधल्या चारांपैकी एक हवा, ते मोकळे आहेत हे मला ठाऊक आहे. तो गोरामोरा झाला. पण विक्री विक्री असते. इसार दिला आहे, शोध-अहवाल यायचा आहे, खरेदीखत आईच्या आणि पत्नीच्या नावाने होईल. शेजारी कसे निघतील ते राहिल्यावर कळेल. पुढची खोली वस्तीतल्या मुलांसाठी ठेवायची, परीक्षेच्या दिवसांत अमरावतीला येऊन राहणाऱ्या पोरांना रात्री दिवा जाळता यावा म्हणून, एवढे ठरले आहे.

आणि मोझरीच्या त्या म्हाताऱ्याकडेही गेलो. त्याचा सातबारा त्याला वाचून दाखविला. वर्ग २ म्हणजे काय हे त्याला आजवर कोणी सांगितलेच नव्हते. विकणे अगदीच अटळ झाले तर आधी परवानगीचा अर्ज कसा करायचा ते लिहून दिले. दवाखान्यासाठी आम्ही चौघा नोकरदारांनी मिळून थोडी रक्कम उभी केली. त्याने अजून जमीन विकलेली नाही.

आपल्यातले जे जे नोकरीला लागून नव्या वस्तीत घर पाहत आहेत त्यांनी आपला प्लॉट पाहण्याआधी एकदा जुन्या वस्तीत जावे आणि तेथल्या प्रत्येक घराचा कागद वाचून द्यावा. या एका कामासाठी आपल्याला नगररचनाकार व्हावे लागत नाही. वाचता येते, तेवढे पुरते.