‘मला शाळेत चिडवतात!’

रविवारी मूल हसत-खेळत असते. सोमवारी गणवेश दिसला की त्याचे पोट दुखू लागते. शाळा चुकली की तासाभरात दुखणे पळते. ‘नाटक करतोय’ म्हणून पालक मोकळे होतात. पण भीतीने पोटात खरोखर कळ येते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला आपल्याला कोण छळते हे नीट सांगता येत नाही, म्हणून त्याचे शरीर ते सांगते.

माजिवड्यात जुन्या गावठाणातली आणि नव्या संकुलांतली मुले एकत्र शिकतात. कुणाच्या घरी आगरी बोलतात, कुणाच्या हिंदी, कुणाच्या गुजराती. वेगळे उच्चार, सावळा रंग, चष्मा, जाडेपणा, अडखळत बोलणे, चिडवायला काहीही पुरते.

भांडण की छळ?

खेळण्यावरून ओढाताण होऊन पाच मिनिटांत गट्टी झाली, तर ते वयाला साजेसे भांडण. पण एकाच मुलाला पुन्हा पुन्हा लक्ष्य केले जात असेल आणि ते घाबरून गप्प राहत असेल, तर तो छळ समजावा. डबा न खाता परत येणे, वस्तू हरवणे, झोपेत दचकणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, या खुणांकडे दुर्लक्ष करू नये.

पालकांनी काय करावे?

१. ‘कोणी मारले?’ अशी उलटतपासणी नको. ‘आज डबा कोणाबरोबर खाल्लास? व्हॅनमध्ये शेजारी कोण होते?’ असे सहज विचारावे. बाहुल्यांच्या खेळातूनही मुले बरेच सांगून जातात.

२. ‘तूही दोन ठेवून दे’ किंवा ‘रडूबाई’ असे म्हणू नये. पहिल्याने मारामारी वाढते, दुसऱ्याने मूल सांगणेच बंद करते.

३. घरी खेळातून सराव घ्यावा. ताठ उभे राहायचे, मोठ्याने ‘थांब, मला आवडत नाही’ म्हणायचे आणि सरळ बाईंकडे जायचे. बाईंना सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हेही शिकवावे.

४. शिक्षिकेला एकांतात भेटावे. कधी व काय घडले ते सांगून बसण्याची जागा, मधली सुट्टी व व्हॅन यांवर लक्ष ठेवण्याची विनंती करावी. फाटकावर दुसऱ्या मुलाला दरडावू नये. तेही लहानच आहे. या वयात रागावर ताबा कमी असतो आणि घरात ऐकलेली टोपणनावेच ते शाळेत वापरते. आपल्या घरात कोणाला ‘काळ्या’, ‘ढोल्या’ म्हणतो का, हे प्रत्येकाने तपासावे.

धाकाशिवाय मूल शिकते, हा विचार आपल्या भागाला नवा नाही. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बालवाडी सुरू केली, ती शिक्षेला फाटा देऊनच.

डॉक्टरांकडे केव्हा?

पोटदुखी सुट्टीच्या दिवशीही असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, वजन घटत असेल, तर लगेच तपासणी करावी. जंत किंवा लघवीचा जंतुसंसर्ग हेही कारण असू शकते. शाळेशी बोलूनही दोन आठवड्यांत भीती कमी झाली नाही, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मुलाने धीर करून सांगितले, की आधी जवळ घ्यावे आणि म्हणावे, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ पुढच्या वेळी ते आपणहून सांगेल.