घरांतील लहानशी कर्मशाळा

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, घरीं कांहीं हातकाम करावयाचें म्हणजे त्यासाठीं स्वतंत्र खोली पाहिजे, भारी किमतीचीं हत्यारें पाहिजेत आणि रिकामा वेळहि भरपूर पाहिजे. परंतु ह्या तिन्ही गोष्टी ज्यांच्यापाशीं आहेत अशा घरांतहि दाराची निसटलेली बिजागरी महिना महिना तशीच लोंबत राहिलेली आपण पाहतों. आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहणारा एखादा गृहस्थ खुर्ची, छत्री, सायकल, विजेची इस्त्री इत्यादि सर्व वस्तु आपल्या हातानें नीट करून घेतो. हा फरक कशामुळें पडतो? माझ्या मतें तो हत्यारांच्या संख्येमुळें पडत नाहीं, त्यांच्या ठेवणीमुळें पडतो. हत्यार घरांत असणें आणि तें हवें तेव्हां हातीं येणें, ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

हा धडा मीं पुस्तकांतून घेतलेला नाहीं. मी आठव्या इयत्तेंत असतांना आमच्या घरीं हातोडा, करवत, पक्कड, कानस, दोन पटाश्या, चार पाने आणि मूठभर वाकडे खिळे इतकी सामग्री होती, व ती सगळी एका गोणपाटाच्या पोत्यांत भरून जिन्याखालीं टाकलेली असे. आषाढांतील एका रात्रीं वाऱ्यानें माजघराच्या खिडकीचें एक दार निखळलें आणि पाऊस थेट आजीच्या अंथरुणावर येऊं लागला. त्याच वेळीं वीजहि गेली होती. वडील धांवत जिन्याखालीं गेले आणि हातोड्यासाठीं त्यांनीं अंधारांतच पोत्यांत हात घातला. पटाशीची उघडी धार त्यांच्या उजव्या तळहातांत शिरली. खिडकी त्या रात्रीं शेजाऱ्यांनीं येऊन बसविली. जखम महिन्याभरानें भरून आली. पण आंतील कंडरा कापली गेल्यामुळें करंगळी व अनामिका हीं दोन बोटें पुढें कधींहि पुरतीं मिटलीं नाहींत. वडील कचेरींत लेखनिक होते व त्यांचें अक्षर मोत्यासारखें होतें. तें पुन्हां तसें झालें नाहीं.

त्या पटाशीची धार उत्तम होती. दोष हत्याराचा नव्हता. तें जेथें होतें तेथें असावयास नको होतें, एवढेंच.

पुढें दिवाळीच्या सुट्टींत वडिलांनीं सांगावें व मीं करावें, अशा रीतीनें आम्हीं मागील पडवीचा सहा फूट लांब व चार फूट रुंद असा कोपरा मोकळा करून तेथें एक लहानशी कर्मशाळा मांडली. त्या अनुभवावरून आणि पुढें अनेकांच्या जागा पाहून जें समजलें, तें विद्यार्थिमित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

काम सुरू करण्यापूर्वीं वडिलांनीं मला आमच्या आळींतील सोनाराच्या दुकानीं नेऊन बसविलें आणि "नुसतें पाहा" असें सांगितलें. सोनाराची जागा ती केवढी! परंतु ऐरण, हातोडी, चिमटे, फुंकणी, शेगडी, तराजू हें सर्व त्याच्या बसल्या जागेपासून हाताच्या टप्प्यांत होतें. वस्तु घेण्यासाठीं तो उठत नव्हताच. पुष्कळ वेळां पाहतहि नव्हता. दुकानाचा केरदेखील तो जपून ठेवी, कारण त्यांतील सोन्याचे कण धुऊन काढणारे झारेकरी तो केर विकत घेतात. ज्याच्या घरीं केरालाहि जागा आहे, त्याचें हत्यार हरवेल कसें? लोहाराचीहि तीच गोष्ट. भट्टी, ऐरण आणि पाण्याची कुंडी ह्यांतील अंतर त्यानें आपल्या सोयीनें ठरविलेलें नसतें. तापलेलें लोखंड निवण्याच्या आंत त्याला ऐरणीपर्यंत पोंचावें लागतें, म्हणून अंतर लोखंडच ठरवितें. आपल्या जुन्या कारागिरांनीं हें शास्त्र लिहून ठेवलें नाहीं, पण त्यांच्या बसण्यांतच तें आहे.

आतां प्रथम जागेचा विचार करूं. जागा लहान असली तरी चालेल, पण ती कोरडी व उजेडाची असावी. खिडकी असल्यास मेज अशा रीतीनें ठेवावें कीं, उजव्या हातानें काम करणाऱ्याच्या डाव्या बाजूनें उजेड यावा. नाहीं तर आपल्याच हाताची सावली नेमकी आंखलेल्या रेघेवर पडते. डावऱ्या मुलानें ह्याच्या उलट करावें. स्वयंपाकाची जागा व लहान मुलांचें अंथरूण ह्यांपासून हा कोपरा दूर असावा, कारण लाकडाचा बारीक भुसा व रंगाचा वास अन्नाला आणि श्वासाला दोघांनाहि वाईट.

ह्यानंतर मेज. त्याची रुंदी दोन फुटांपेक्षां अधिक नको. अधिक रुंद मेजाच्या मागच्या अर्ध्या भागावर केवळ अडगळ सांचते. उंची मात्र प्रत्येकानें आपल्या शरीरावरून ठरवावी. सरळ उभें राहून हात खालीं सोडले असतां मनगट जेथें येतें, त्या उंचीवर रंधा मारणें सोपें जातें, कारण अंगाचा भार वरून रंध्यावर येतो. कानस चालवितांना याच्या उलट वस्तु कोपराच्या उंचीला असावी लागते. मग एकाच मेजावर दोन्ही कामें कशीं व्हावींत? त्याचा उपाय सोपा आहे. मेज मनगटाच्या उंचीचें करावें आणि त्याच्या एका टोकाला लोखंडी व्हाइस बसवावा. व्हाइसचें तोंड मेजापेक्षां वीतभर वर येतें, तें जवळ जवळ कोपराशीं जुळतें. उणें पडल्यास त्याखालीं फळीचा तुकडा घालावा. ज्यांच्या घरीं कायमचें मेज ठेवण्यास जागाच नाहीं, त्यांनीं भिंतीला बिजागऱ्यांनीं फळी जोडून घ्यावी. काम झालें कीं ती खालीं सोडतां येते. मेज कसेंहि असो, तें हलतां कामा नये. हलणाऱ्या मेजावर सरळ करवत चालविणें कसलेल्या सुतारालाहि कठीण पडेल.

हत्यारें ठेवण्याचा नियम एका वाक्यांत सांगतां येईल: रोजचें हातापाशीं, आठवड्याचें पायापाशीं, वर्षाचें माळ्यावर. हातोडा, पक्कड, पेचकस, गुण्या व पट्टी हीं कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचींत मेजासमोरील फळीवर टांगावींत. फळीवर प्रत्येक हत्यार धरून त्याच्या कडेनें पेन्सिल फिरवावी व त्या आकृतींत रंग भरावा. ह्या आकृतीचा खरा उपयोग हत्यार जागेवर असतांना होत नाहीं, नसतांना होतो. संध्याकाळीं फळीकडे पाहिलें कीं रिकामी आकृति आपण होऊन विचारते, "माझा पेचकस कोठें आहे?" शेजाऱ्याकडे गेलेलें हत्यार परत आणण्याची आठवणहि तीच करून देते.

धारेच्या हत्यारांना मात्र नुसती आकृति पुरत नाहीं. पटाशी, रंध्याचें पातें आणि चाकू ह्यांची धार नेहमीं झांकलेली असावी. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा बांबूचें कांडें यांचें टोपण करण्यास चार मिनिटेंहि लागत नाहींत. आमच्या घरीं तीं चार मिनिटें कोणाला मिळालीं नव्हतीं. हीं हत्यारें लहान मुलांच्या हाताला लागणार नाहींत इतक्या उंचीवर, धार भिंतीकडे करून ठेवावींत.

खिळे, चुका, स्क्रू, वायसर अशा बारीक वस्तु पारदर्शक बरण्यांत ठेवाव्या. बरण्यांचीं झांकणें फडताळाच्या फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूनें पक्कीं करून टाकलीं, तर बरणी फिरवून लावतां-काढतां येते आणि फळीच्या वरची जागाहि मोकळी राहते. "कधीं तरी उपयोगी पडेल" म्हणून ठेवलेल्या किरकोळ वस्तूंसाठीं एकच डबा असावा. तो भरला कीं दुसरा आणूं नये. तोच उपडा करून निवडावा. अडगळ नेहमीं ह्याच वाक्याच्या आश्रयानें घरांत शिरते.

एकाच कोपऱ्यांत सुतारकाम, लोखंडकाम, विजेच्या वस्तूंची दुरुस्ती, रंगकाम आणि पुस्तकबांधणी इतकीं कामें करावयाचीं असलीं, तर तीं जागेनें वेगळीं करतां येत नाहींत. वेळेनें वेगळीं करावीं लागतात. प्रत्येक कामाचें खास सामान एकेका पेटींत भरून तिच्यावर नांव घालावें. एका वेळीं मेजावर एकच पेटी उघडावी व ती मिटल्यावांचून दुसरी काढूं नये. ह्यांत केवळ टापटिपीचा प्रश्न नाहीं. लोखंड कानसून झाल्यावर मेज न पुसतां त्यावर सागवानाची किंवा बाभळीची ओलसर फळी ठेवली, तर दुसऱ्या दिवशीं फळीवर काळे डाग पडलेले दिसतात. लाकडांतील टॅनिन हें द्रव्य लोखंडाच्या कणांशीं मिळून काळा रंग तयार होतो. हिरडा व हिराकस ह्यांपासून पूर्वीं काळी शाई करीत, तिचें मूळहि हेंच. तसेंच, रंग ओला असतांना शेजारीं करवत चालविली तर भुसा रंगावर बसून सर्व मेहनत फुकट जाते. म्हणून भुशाचें काम आधीं, झाडणें-पुसणें नंतर आणि रंग सर्वांच्या शेवटीं, असा क्रम ठेवावा. पुस्तकबांधणीसाठीं मेजावर टाकावयाची एक स्वच्छ फळी निराळीच असावी.

आतां चार गोष्टी धोक्यांविषयीं सांगणें मला कर्तव्य वाटतें. जवसाचें तेल लाकडाला लावून झाल्यावर त्याच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. हें तेल वाळतांना हवेंतील प्राणवायु घेतें व त्यापासून उष्णता उत्पन्न होते. बोळ्यांत ती उष्णता कोंडून, जवळ ठिणगी नसतांहि चिंधी पेट घेऊं शकते. अशा चिंध्या मोकळ्या हवेंत पसरून वाळवाव्या, किंवा झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत पाण्यांत बुडवून ठेवाव्या. दुसरें, विजेचीं हत्यारें अर्थिंग असलेल्या तीन छिद्रांच्या सॉकेटावरच चालवावींत. ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारा आर. सी. सी. बी. नांवाचा स्विच घरीं बसवून घेणें हा खर्च नसून विमा आहे, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. तिसरें, फिरत्या यंत्रापाशीं सैल बाही, ओढणी व मोकळे केस नसावेत, आणि घांसतांना किंवा कापतांना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. चवथें, पावसाळ्यांत हत्यारें भिंतीला किंवा फरशीला टेकवून ठेवूं नयेत; तेलाचा हात फिरवून तीं लाकडावर टांगावीं. कोंकणांतल्या मुलांना हें सांगावयास नको. तेथें पुसल्यावांचून ठेवलेल्या करवतीवर एका पंधरवड्यांत तांबेरा चढतो.

इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें एक लहानसें दुकान काढलें. त्यांतून पुढें लोखंडी नांगर निघाले आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली. वर्ध्यास १९३७ सालीं भरलेल्या शिक्षण परिषदेंत महात्मा गांधींनीं शिक्षण हें हस्तव्यवसायाच्या द्वारें व्हावें असा विचार मांडला. परंतु प्रत्येक कोपऱ्यांतून कारखाना निघेल असें मुळींच नाहीं, व तसा हेतुहि नसावा. घरांतील वस्तु मोडली असतां ती टाकून देण्यापूर्वीं उघडून पाहण्याचें धैर्य मुलांना व मुलींना यावें, आणि हातानें काम करणाऱ्या माणसाविषयीं खरा आदर त्यांच्या मनांत उत्पन्न व्हावा, एवढें झालें तरी पुष्कळ झालें. स्वतः चार वेळां पटाशीला धार लावून पाहिल्यावांचून सुताराच्या मजुरीचा अर्थ कळत नाहीं.

येत्या सुट्टींत ज्यांना हें करून पाहावयाचें असेल, त्यांनीं एका फळीपासून आरंभ करावा. घरांतील सर्व हत्यारें एका चादरीवर मांडावीं, मोडकीं व निकामीं वेगळीं काढावीं आणि उरलेल्यांना एकेक जागा द्यावी. महिन्यानंतर आपली परीक्षा घ्यावी: फळीसमोर डोळे मिटून उभें राहावें आणि घरच्यांनीं नांव घेतलेलें हत्यार कोठें आहे तें, हात न लावतां, नुसतें बोट दाखवून सांगावें. दहांपैकीं दहा बरोबर आलीं, तरच ती कर्मशाळा झाली असें समजावें.

आमच्या घरीं ही परीक्षा फार वर्षांनीं आपोआपच झाली. पावसाळ्यांतील तशीच रात्र होती आणि वीज गेलेली होती. पागोळीखालचा पन्हळ सुटून पाणी घरांत येऊं लागलें. मी कंदील शोधीत होतों, तोंच वडील पडवींतून परत आले. त्यांच्या न मिटणाऱ्या बोटांच्या त्या उजव्या हातांत हातोडा होता, आणि डाव्या हातांत बरोबर चार खिळे होते. मीं घाबरून विचारलें, "अंधारांत कसे गेलांत?" ते म्हणाले, "अंधार होता खरा. पण पटाशी कोठें आहे तें मला ठाऊक होतें."