मानेतल्या ‘गॅप’ची धास्ती

एक्स-रेच्या रिपोर्टवर मानेच्या मणक्यांमधली जागा कमी झाल्याचं वाचलं की घरात एकच सूर लागतो : मणक्यात गॅप आलाय, आता मान कायमची गेली. ही भीती बहुतेकांच्या बाबतीत अनाठायी आहे.

मानेत सात मणके. पहिल्या दोन मणक्यांत गादी (डिस्क) नसतेच. त्याखाली दर दोन मणक्यांत एकेक असते. एक्स-रेत ही गादी दिसत नाही, दिसते ती फक्त मधली मोकळी जागा. वयाबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, ती बसते आणि जागा अरुंद होते. पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांत हे सर्वाधिक दिसतं.

‘गॅप आला म्हणूनच मान दुखते’ हा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज. अमेरिकेत 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानेची काहीही तक्रार नसलेल्या 63 जणांचे एमआरआय तपासले. चाळिशीच्या आतल्या 25 टक्के, तर चाळिशीपुढच्या जवळपास 60 टक्के लोकांत गादी झिजलेली किंवा जागा अरुंद झालेली निघाली. पुढे 2015 मध्ये जपानमधल्या 1211 निरोगी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 87.6 टक्के लोकांची गादी फुगलेली होती, विशीतल्या बहुसंख्य तरुणांचीसुद्धा! म्हणून नुसत्या रिपोर्टवरून दुखण्याचं कारण ठरवू नये.

गॅप म्हणजे नस दबलीच, असंही नाही. नस खरोखर दबली तर कळ हातात उतरते आणि ठरावीक बोटांना मुंग्या येतात. सहाव्या नसेचा त्रास अंगठ्याकडे जातो, सातवीचा मधल्या बोटाकडे. तोही बहुतेकांचा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना ओसरतो.

चक्कर आली की आपल्याकडे लगेच मणक्यांच्या झिजेवर, म्हणजे स्पॉन्डिलोसिसवर खापर फुटतं. पण कूस बदलताना किंवा वर बघताना घर गरगरलं, तर बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागचे हललेले असतात. डॉक्टरांनी डोकं विशिष्ट पद्धतीने वळवून ते जागी नेले की बहुतेकांना आराम पडतो. अशा चक्करीसाठी गळ्यात पट्टा बांधून काहीच साधत नाही, उलट तो महिनोन्‌महिने वापरला तर मानेचे स्नायू दुबळे होतात.

बसलेली गादी तेलाने किंवा ताण देऊन पुन्हा उंच होत नाही. मात्र जागा तेवढीच राहूनही दुखणं थांबू शकतं, आणि त्यासाठी नियमित व्यायाम उपयोगी पडतो. केशकर्तनालयात झटका देऊन मान मोडून घेणं मात्र कृपा करून टाळा. त्यात मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असं क्वचितच घडतं, पण घडतं.

खरी काळजी कशाची करायची? शर्टाची बटणं लावता येईनाशी होणं, चप्पल पायातून नकळत निसटणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं. ही मज्जारज्जू दबल्याची लक्षणं असू शकतात आणि तेव्हा मान दुखत असेलच असं नाही. यातलं काहीही जाणवलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, ताबडतोब मणक्याच्या तज्ज्ञाला दाखवा.