समतेची भाषा बोलणारे थेरपिस्ट जाब कोणाला देतात?

‘मी नालायक आहे’ असे म्हणणाऱ्या तरुणाला समुपदेशक काय सांगतो? बहुतेक जण दोष त्याच्या आतच शोधतात. नॅरेटिव्ह थेरपी मात्र विचारते, हा शिक्का तुझ्यावर कोणी मारला? तो खोटा ठरला असे कधी घडले?

ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत घडवली. समस्या माणसापासून वेगळी करून पाहायची आणि त्याच्या आयुष्याचा जाणकार त्यालाच मानायचे, हे तिचे तत्त्व. ज्ञानाच्या आड सत्ता लपलेली असते, हा फुको यांचा विचार तिच्या मुळाशी आहे.

पण हे थेरपिस्ट स्वतः या तत्त्वाने वागतात का? आमच्या मते, अर्धेच.

व्हाइट आणि एप्स्टन भेटीनंतर त्या माणसाला पत्र लिहीत. त्याच्याविषयीचे लेखन फाइलीत बंद न राहता त्याच्या हाती जाई. हे मोठे पाऊल होते. तरीही कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणत्या प्रसंगाला ‘नवी कथा’ म्हणायचे, हे बरेचसे थेरपिस्टच ठरवतो. ही विषमता पूर्ण मिटत नाही, हे व्हाइट यांनीही मानले होते.

मग उपाय काय? न्यूझीलंडमधील लोअर हट येथील ‘फॅमिली सेंटर’ने तो करून दाखवला. तिथे नैराश्य घेऊन येणाऱ्या कुटुंबांच्या दुःखामागे बेकारी, निकृष्ट घरे आणि वंशभेद होता. नुसते समुपदेशन करणे म्हणजे त्यांना अन्याय सोसायला शिकवणे, हे कार्यकर्त्यांनी ओळखले. त्यांनी माओरी, पॅसिफिक बेटांवरचे आणि गोरे असे तीन विभाग केले. संस्कृतीच्या प्रश्नावर गोरे इतर दोघांना आणि स्त्री-पुरुष प्रश्नावर पुरुष स्त्रियांना जबाबदार राहतील, असे ठरवले. गरिबी आणि घरांच्या धोरणावरही काम केले. व्हाइट यांच्या ॲडलेडमधील डलविच सेंटरनेच १९९०मध्ये हे विचार प्रसिद्ध केले. म्हणजे मापदंड घरातच होता. तो लावायचा की नाही, हे मात्र ज्याच्या-त्याच्या मर्जीवर राहिले.

मुंबईतही या पद्धतीचे प्रशिक्षण दिले जाते. म्हणून समुपदेशकाकडे जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनी तीन गोष्टी पाहाव्यात. जातीचा विषय निघाला की तो ऐकतो, की विषय बदलतो? आपल्याविषयी लिहिलेले आपल्याला दाखवतो का? त्याची चूक झाली तर ती सांगायची कुठे?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तत्त्व अजून पुस्तकातच आहे.